आधी पाय, मग पाठ

पुण्याहून छोट्या गाडीने कोल्हापूरला निघालेला माणूस साताऱ्याच्या आसपास पहिल्यांदा बूड हलवतो. आधी जरा उजवीकडे सरकतो, मग पाठ ताणतो, मग डावा हात मागे नेऊन कंबर दाबतो. कराड येईपर्यंत रस्त्याला, गाडीला आणि वयाला, तिघांनाही बोल लावून झालेले असतात. यात गाडीचा दोष किती आणि बसण्याचा किती, हे बऱ्यापैकी वेगळं काढता येतं.

दुखते कंबर, पण सुरुवात होते मांडीच्या मागच्या स्नायूंपासून. हे स्नायू वर बैठकीच्या हाडाला आणि खाली गुडघ्यापलीकडे नडगीच्या भागाला जोडलेले असतात. पाय पुढे सरळ करत गेलं की ते ताणले जातात आणि कमरेचं अख्खं हाड मागच्या बाजूला फिरवतात. कण्याच्या खालच्या भागाला असलेला नैसर्गिक बाक त्यामुळे सपाट होतो आणि माणूस पोक काढून बसतो. जे. जे. कीगन या अमेरिकी डॉक्टरांनी वेगवेगळ्या स्थितीतल्या माणसांचे एक्स-रे काढून हे १९५३ मध्ये दाखवलं. धड आणि मांडी यांच्यात साधारण १३५ अंशांचा कोन असताना कणा सर्वांत निवांत असतो. काटकोनात बसलं की बाक मोडतो. पुढे १९७० च्या दशकात स्वीडनमध्ये अँडरसन, नाकेमसन आणि सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांच्या मणक्यांमधल्या चकतीत दाब मोजणारी सुई घालून त्यांना मोटारीच्या सीटवर बसवलं. पाठ मागे कलती ठेवली आणि कमरेला आधार दिला, की चकतीवरचा दाब उतरतो, असं त्यात दिसलं.

म्हणजे शरीराला हवा खुला कोन. मोठ्या गाडीत तो मिळवणं सोपं: सीट मागे ढकला, पाठ कलती करा. छोट्या गाडीत तसं केलं की मागे बसलेल्याचे गुडघे तुमच्या पाठीत रुततात. इथे कामाला येते उंची. टाच ते खुबा हे तिरकं अंतर ९० सेंटिमीटर धरा. खुबा टाचेपेक्षा २० सेंटिमीटर वर असेल तर पाय जमिनीला समांतर सुमारे ८८ सेंटिमीटर जागा खातात. तोच खुबा ३५ सेंटिमीटर वर उचलला तर ८३. पाच सेंटिमीटर वाचले. पाठ उभ्या रेषेपासून २५ अंशांऐवजी २० अंशच कलती ठेवली, तर खांद्यापाशी आणखी जवळपास पाच. साडेतीन मीटरच्या गाडीत दहा सेंटिमीटर म्हणजे मागच्याचे दोन्ही गुडघे सुटले. खरी गंमत पुढे आहे. सीट उंच झाली की मांडी पुढच्या बाजूला उतरती होते. त्यामुळे पाठ ताठ असूनही धड आणि मांडीमधला कोन फारसा मिटत नाही. शिवाय गुडघा दुमडलेला राहतो, म्हणून मागचे स्नायू कमरेला ओढत नाहीत.

जपानी अभियंत्यांनी या भूमितीचा पुरेपूर फायदा घेतला. तिथल्या ‘केई’ वर्गातल्या चिमुकल्या गाड्यांना लांबी-रुंदीची कायदेशीर मर्यादा अगदी आवळलेली, उंचीला मात्र दोन मीटरपर्यंत मोकळीक. सुझुकीची वॅगनआर १९९३ मध्ये तिथे आली ती याच फटीतून. आपल्याकडे डिसेंबर १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० जेमतेम ३.३ मीटर लांब आणि बुटकी होती; तिच्यात उंच माणूस पाय पसरून, मान खाली घालून बसायचा. मग १९९८ मध्ये सँट्रो आणि पुढच्याच वर्षी वॅगनआर आली, आणि तोच माणूस खुर्चीत बसल्यासारखा बसू लागला. ‘डबा दिसतो’ म्हणून नाकं मुरडणारे होतेच. कंबर त्यांचीही सुखावली असणार. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना करात सवलत मिळाली तेव्हाही बंधन लांबीवर आणि इंजिनावर होतं, उंचीवर नाही.

तेव्हा छोट्या गाडीत बसताना मोठ्या गाडीची ऐट आणू नये, हे पहिलं. मागे रेलून, हात लांब करून चालवणं दिसायला रुबाबदार असतं. पण त्या स्थितीत क्लच पूर्ण दाबायला प्रत्येक वेळी कंबर सीटवरून सुटते. खंबाटकीच्या चढावर गाड्यांची रांग लागली की हे शेकडो वेळा होतं.

म्हणून मोजमाप पायांपासून घ्यावं. बूड सीटच्या अगदी कोपऱ्यात मागे रेटून बसा आणि क्लच तळाला टेकेपर्यंत दाबा. तळाशीही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. यासाठी रोजचे जोडे किंवा चपला घालूनच बसा. तळव्याच्या जाडीने फरक पडतो. सीटला उंची बदलण्याची सोय असेल, तर डोक्यावर चार बोटं जागा ठेवून जितकी वर घेता येईल तितकी घ्या. त्यानंतर सीटची पाठ, म्हणजे टेकणी. खांदे न उचलता मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर टेकलं म्हणजे पुरे.

इथे बहुतेकांची अडचण होते. पायांना जमवलं तर हातांना स्टिअरिंग लांब पडतं, हातांना जमवलं तर गुडघे स्टिअरिंगला लागतात. दोष तुमच्या शरीराचा नाही. अमेरिकी हवाई दलात गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण अधिकाऱ्याने ४,०६३ वैमानिकांची मापं तपासली. दहा मापं घेतली आणि प्रत्येकात ‘सरासरी’च्या आसपासचा पट्टा ठरवला. १९५२ च्या त्याच्या अहवालात दहाच्या दहा मापांत सरासरी बसणारा एकही वैमानिक सापडला नाही. एकाचे पाय लांब तर हात आखूड, दुसऱ्याचं धड लांब तर मांड्या लहान. उपाय एकच, हलवता येणारे भाग. पण स्वस्त गाड्यांत स्टिअरिंग फार तर वर-खाली होतं, पुढे-मागे ओढता येत नाही. मला विचाराल तर छताला काच बसवण्याआधी कंपन्यांनी ही सोय द्यायला हवी. जाहिरातीत पडद्याचे इंच छापतात. सीट किती मागे जाते हे कोणी छापत नाही.

पायांखालची आणखी एक अडचण शोरूममध्ये लक्षात येत नाही. पुढे आडवं इंजिन बसवून प्रवाशांची जागा पुढे ओढण्याचा मार्ग अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी १९५९ च्या मिनीत रूढ केला. पण जागा पुढे सरकली की पुढच्या चाकाचा फुगवटा पायांच्या खोबणीत शिरतो. आपल्याकडे चालक उजवीकडे बसत असल्याने तो फुगवटा अ‍ॅक्सिलरेटरच्या शेजारी येतो आणि तिन्ही पेडल्स डावीकडे ढकलली जातात. धड समोर आणि पाय किंचित डावीकडे, अशा पिळात माणूस तासन् तास बसतो. क्लचच्या डावीकडे पाय टेकायला जागा उरत नाही, मग तो क्लचवरच विसावतो. गुडघाही दुखतो आणि क्लच प्लेटही झिजते. गाडी घेताना हे बसूनच तपासावं, माहितीपत्रकातून कळत नाही.

कमी उंचीच्या चालकांची, विशेषतः स्त्रियांची, अडचण उलटी असते. पाय पोहोचावेत म्हणून त्या स्टिअरिंगला खेटून बसतात. पण एअरबॅग क्षणार्धात फुगते, तेव्हा छाती आणि स्टिअरिंगचा मध्य यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर हवं. अशा वेळी सीट आणखी पुढे न घेता वर घ्यावी आणि टेकणी किंचित मागे करावी. बुडाखाली मऊ उशी घेऊ नये: जोराचा ब्रेक लागला की ती दबते, शरीर पट्ट्याखालून पुढे घसरतं आणि कमरेच्या हाडावर असायला हवा तो पट्टा पोटात रुततो. कमरेच्या खोबणीत छोटा घट्ट लोड मात्र चालतो. मागच्या खिशातलं फुगलेलं पाकीट काढून ठेवायचं. एका बाजूने उचललेलं बूड कणा तिरका करतं.

एवढं करूनही तासा-दीड तासाने चुळबुळ होणारच. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला चार ते सहा वेळा होणाऱ्या उभ्या हिसक्यांना सर्वांत जास्त साथ देतो, आणि आखूड, हलकी गाडी खराब रस्त्यावर तसेच हिसके भरपूर देते. मणक्यांमधल्या चकत्यांना मोठेपणी स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. दाब कमी-जास्त होत राहिला तरच त्यांच्यात पोषक द्रव नीट झिरपतो. त्यामुळे टेकणी मधूनच एक खाच पुढे-मागे करणं आणि चहाला उतरणं, दोन्ही उपयोगाचं.

पोक कधी काढला हे चालवणाऱ्याला सहसा कळत नाही. त्यासाठी आतला आरसा चांगला. निघताना पाठ टेकवून तो असा लावा, की मागची काच बरोबर चौकटीत येईल. दुपारी त्यात गाडीचं छत दिसू लागलं, तर डोळे खाली आलेत, म्हणजे पाठ घसरली आहे. बहुतेक लोक तेव्हा आरसा वळवतात.