भालकी : गाव, सीमा आणि कारभाराची भाषा

बीदर शहराच्या वायव्येस, बीदर–उदगीर लोहमार्गावर भालकी हे तालुक्याचे गाव आहे. बीदर शहर जांभ्या दगडाच्या पठारावर वसलेले आहे. भालकीकडे येताना मात्र काळी जमीन सुरू होते. तूर, उडीद, मूग, सोयाबीन, ज्वारी आणि ऊस ही इथली पिके. तालुक्यातील कारंजा नदी मांजरेला मिळते आणि मांजरा गोदावरीला. शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातील बरेचसे पाणी भीमेमार्गे कृष्णेकडे जाते. म्हणजे जलवाहिन्यांच्या दृष्टीने भालकी मराठवाड्याशी जोडलेली आहे. राज्याची सीमा नदीच्या खोऱ्याप्रमाणे आखलेली नाही, ही या भागाच्या अभ्यासातील पहिली लक्षात ठेवण्याची गोष्ट.

मराठ्यांच्या इतिहासात भालकीचे नाव येते ते १७५२ च्या तहामुळे. नानासाहेब पेशवे आणि निजाम सलाबतजंग यांच्यात झालेल्या या तहाने वऱ्हाडाच्या पश्चिमेकडील, तापी व गोदावरी यांमधला मुलूख मराठ्यांकडे आला. भालकी स्वतः मात्र निजामाच्याच राज्यात राहिली. हैदराबाद संस्थानात १८८४ च्या सुमारास फारसीची जागा उर्दूने घेतली. घरात मराठी किंवा कन्नड आणि कचेरीत उर्दू अशी विभागणी त्यानंतर दोन-तीन पिढ्या चालली. भालकी मठाचे डॉ. चन्नबसव पट्टद्देवरू यांनी बाहेर उर्दूचा फलक लावून आत कन्नड शिकवली, ही गोष्ट या भागात प्रसिद्ध आहे. शेजारच्या हुमनाबादजवळील माणिकनगरचे माणिकप्रभू (१८१७–१८६५) यांनी मराठी, कन्नड आणि हिंदी अशा भाषांत पदे रचली. लोकव्यवहारात भाषा एकमेकींना अडवीत नव्हत्या. अडचण होती ती कचेरीच्या दारात.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत जुना बीदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, अहमदपूर व निलंगा तत्कालीन मुंबई राज्यात, जहिराबाद व नारायणखेड आंध्र प्रदेशात आणि बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात गेले. सोयरिकी व बाजार तसेच राहिले, पण कागदाची भाषा पुन्हा बदलली. उर्दूच्या जागी कन्नड आली.

आजचा कारभार समजून घेताना हा बदल शब्दांत दिसतो. भालकी गावाचा कारभार कर्नाटकाच्या १९६४ च्या नगरपालिका कायद्याखाली पुरसभा पाहते. त्या कायद्यानुसार लहान गावांना पट्टण पंचायत, मध्यम गावांना पुरसभा आणि मोठ्या गावांना नगरसभा असते. अध्यक्ष नगरसेवकांतून निवडला जातो, तर दैनंदिन प्रशासन मुख्याधिकारी चालवतो. खेड्यांत १९९३ च्या कायद्यानुसार ग्रामपंचायत असते. साधारणपणे चारशे लोकसंख्येमागे एक सदस्य, पाच वर्षांची मुदत आणि सदस्यांनीच निवडलेला अध्यक्ष, अशी तिची रचना आहे. उदगीर तालुक्यातील मतदार सध्या सरपंच थेट निवडतो. भालकीतील मतदाराला तसे करता येत नाही. तिकडचा सातबारा इकडे पहाणी होतो.

सर्वांत फसवा शब्द 'जमाबंदी'. मराठी वाचक त्याचा अर्थ जमीनमहसुलाची आकारणी असा घेतो. कर्नाटकातील ग्रामपंचायतीत मात्र जमाबंदी म्हणजे वर्षातून एकदा गावासमोर होणारी जमाखर्चाची व कामांची तपासणी. रस्ता खरोखर झाला का, नळाला किती खर्च लागला, हे विचारण्याचा तो दिवस. सूचनाफलकावरचा शब्द ओळखीचा वाटला, पण अर्थ कळला नाही, तर मराठी बोलणारा शेतकरी त्या दिवशी घरीच राहील. त्याचा हक्क कोणी काढून घेतलेला नसतो. तो न वापरताच निघून जातो.

यासाठी तरतुदी आहेत. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे कोणत्याही नागरिकाला आपले गाऱ्हाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडता येते. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले कलम ३५० क प्राथमिक टप्प्यावरील मातृभाषेतील शिक्षणाविषयी आहे. त्याच वर्षीच्या केंद्र शासनाच्या निवेदनात, एखाद्या भागात भाषिक अल्पसंख्याक पंधरा ते वीस टक्के असतील तर महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, असे तत्त्व मांडले आहे.

पण तरतूद आपोआप फलकावर उतरत नाही. सीमाभागातील मराठी शाळा-महाविद्यालयांनी नागरिकशास्त्राचा धडा इथल्या संस्थांच्या नावांसह शिकवावा. पहाणी, खाता, वॉर्डसभा, जमाबंदी या शब्दांचा मराठी अर्थ देणारी छोटी कोशिका विद्यार्थ्यांकडून तयार करून घ्यावी. त्यासोबत फलकावरचे कन्नड वाचण्यापुरती लिपीही शिकवावी. मराठी जपणे आणि कन्नड वाचता येणे यांत विरोध नाही. ग्रामसभेत उठून प्रश्न विचारायचा, तर सीमेवरच्या माणसाला दोन्हींची गरज आहे.