वडी आळते की भाजते? सफरचंदाच्या मसालेदार वड्यांविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

मराठी स्वयंपाकघरात ‘वडी’ म्हटले की नारळाची किंवा आल्याची आळून आलेली वडी डोळ्यांसमोर येते, म्हणजे साखर ठरावीक अवस्थेपर्यंत आटवून, तूप लावलेल्या ताटात थापलेली आणि कोमट असतानाच सुरीने कापलेली. भट्टीत भाजलेल्या सफरचंदाच्या वड्या याच नावाखाली येतात, परंतु त्यांची घडण अगदी निराळी असते: तळाशी पीठ, तूप आणि गूळ यांचा खुसखुशीत थर, मधे दालचिनी-लवंगेत मुरलेले फळ आणि वर त्याच पिठाचा भुरभुरीत चुरा. बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत ऊस, दूध आणि पेरू घरचे आहेत, सफरचंद मात्र हिमाचल-काश्मीरहून येते. या तालुक्यांतील घरांतही ओव्हन आता नवलाईचा राहिलेला नाही, पण या पदार्थाविषयीच्या समजुती मात्र अजून आळलेल्या वडीच्या किंवा केकच्याच आहेत. प्रत्यक्षात या वड्यांचा सगळा व्यवहार पाण्याशी असतो: फळात ते किती आहे, केव्हा सुटते आणि अखेरीस कोठे जाते, एवढे उमगले की बहुतेक गैरसमज आपोआप गळून पडतात.

सर्वांत नुकसान करणारा समज म्हणजे या वड्याही गरम असतानाच कापाव्यात, नाहीतर त्या दगडासारख्या होतात. आळलेल्या वडीच्या बाबतीत तो शंभर टक्के खरा आहे, कारण तेथे आटलेल्या पाकातील साखरेचे स्फटिक गार होताना एकमेकांत अडकतात आणि एकदा ती जाळी बसली की सुरी फिरवताच वडी फुटते. भाजलेल्या वडीला साखरेच्या स्फटिकांनी नव्हे, तर पेक्टिनने आणि स्टार्चने धरून ठेवलेले असते. पेक्टिन म्हणजे फळाच्या पेशींच्या भिंतींना सांधणारा पदार्थ. आंबटपणा आणि साखर यांच्या सोबतीने तापवून गार केल्यावर तो जेलीसारखा घट्ट होतो. पिठातील स्टार्चही भाजताना पाणी शोषून फुगतो आणि गार होतानाच आकार धरतो. म्हणून ओव्हनमधून काढलेल्या ताटात सुरी घालणे म्हणजे बांधकाम ओले असताना त्यावर चालणे होय. निदान दोन तास थांबल्यावर जी वडी स्वच्छ चौकोनी निघते, तीच दहा मिनिटांत कापली तर शिऱ्यासारखी पसरते, आणि दोष मात्र पाककृतीला दिला जातो.

दुसरा समज पहिल्याच्या उलट टोकाचा: फळ कच्चेच किसून घातले की स्वाद आणि कस टिकतो. सफरचंदात वजनाच्या सुमारे ८५ टक्के पाणी असते, त्यामुळे ६०० ग्रॅम फळ घेतले तर त्यातले ५०० ग्रॅमच्या आसपास पाणीच असते. गूळ लागताच हे पाणी परासरणाने, म्हणजे पेशीच्या पडद्यातून गोड द्रावणाकडे खेचले जाऊन, बाहेर येऊ लागते. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावल्यावर जे घडते तेच येथे घडते. हे पाणी खालच्या थरात मुरले की तो थर कितीही वेळ भाजला तरी लिबलिबीत राहतो. उपाय साधा आहे: फोडी दोन चमचे गूळ आणि अर्ध्या लिंबाच्या रसासह जाड बुडाच्या पातेल्यात, सुटलेला रस आटून फोडींना चिकटेपर्यंत परतून घ्याव्यात आणि पूर्ण गार झाल्यावरच पिठाच्या थरावर पसराव्यात. उष्णतेने क जीवनसत्त्व काही अंशी नष्ट होते हे खरेच, परंतु फोडी ओव्हनमध्ये जाणारच असल्याने कच्चे फळ घालूनही ते वाचत नाही.

क जीवनसत्त्वाचा विषय निघालाच, तर सफरचंदाच्या प्रतिष्ठेबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. आजाऱ्याला भेटायला जाताना सफरचंदच नेण्याची रीत इतकी रुजली आहे की ते सर्व फळांत पौष्टिक आहे, असे गृहीत धरले जाते. १०० ग्रॅम सफरचंदात ५ मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असते, तर तेवढ्याच पेरूत २०० मिलिग्रॅमहून अधिक. इंदापूर तालुक्यातील बागांतून निघणारा पेरू या बाबतीत परराज्यातून आलेल्या पाहुण्याला सहज मागे टाकतो. पेरू भाजता येत नाही हा समजही निराधार आहे. त्यात पेक्टिन भरपूर असल्याने तो सफरचंदापेक्षाही लवकर घट्ट होतो. अडचण फक्त बियांची असते आणि शिजलेला गर चाळणीतून काढला की तीही मिटते. सफरचंदाच्या वड्यांत एक तृतीयांश पेरूचा गर मिसळल्यास वडी अधिक नीट कापली जाते. पेरू तरी आपला असे कोणी म्हणेल, तर तो मुळात उष्णकटिबंधीय अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर आला, आणि सफरचंदाचा रानटी पूर्वज मध्य आशियातील कझाकस्तानच्या डोंगरांत सापडतो; परकेपणाच्या कसोटीवर दोघांचे गुण सारखेच.

सफरचंद या उष्ण मुलखात येऊच शकत नाही, असेही म्हटले जाते. नेहमीच्या जातींना हिवाळ्यात, कळ्या फुटण्याआधी, ७ अंश सेल्सिअसखालील थंडीचे कित्येक शे तास लागतात, म्हणून त्या येथे फळत नाहीत, एवढ्यापुरते ते बरोबर आहे. परंतु हिमाचल प्रदेशातील बिलासपूर जिल्ह्यातील शेतकरी हरिमन शर्मा यांनी विकसित केलेली ‘एचआरएमएन-९९’ ही जात फार कमी थंडीवर फळते आणि मैदानी प्रदेशांतही तिची लागवड झाली आहे. बाजारात मिळणारे फळ मात्र अजून बहुतांशी डोंगराळ राज्यांतले किंवा आयात केलेलेच असते.

बाजारातील सफरचंदाभोवती संशयाचे एक वलय असते. मार्च-एप्रिलमध्ये मिळणारे कडक सफरचंद ‘औषधावर’ ठेवलेले असते, असे मानले जाते. वस्तुतः ते नियंत्रित वातावरणाच्या शीतगृहात ठेवलेले असते, जेथे तापमानाबरोबर प्राणवायूचे प्रमाणही खाली आणल्याने फळाचा श्वसनवेग मंदावतो आणि शरदात तोडलेले फळ उन्हाळ्यापर्यंत टिकते. सालीवरून खरवडले जाणारे मेण म्हणजे विषच, ही समजूतही तपासून घेण्यासारखी आहे. सफरचंदाला स्वतःचे नैसर्गिक मेण असते, ते धुण्यात निघून जाते, आणि त्याच्या जागी मधमाश्यांचे, कारनौबा या ताडाच्या पानांचे किंवा लाखेचे मेण लावण्यास भारतीय अन्नसुरक्षा नियमांची परवानगी आहे. ज्याला ते नको असेल त्याने फळ कोमट पाण्यात धुऊन पुसावे. मात्र पेक्टिन सालीजवळच अधिक असल्याने साली फेकण्याऐवजी फोडींबरोबर शिजवून नंतर काढून टाकणे फायद्याचे ठरते. चिरलेली फोड तपकिरी पडते ती लोहामुळे, हा तिसरा समज तर शाळकरी मुलांनाही तोंडपाठ असतो. १०० ग्रॅम सफरचंदात लोह जेमतेम ०.१ मिलिग्रॅम असते. रंग बदलतो तो चिरताना फुटलेल्या पेशींतील पॉलिफिनॉल ऑक्सिडेज या विकरामुळे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनामुळे, आणि लिंबाचा रस त्याचा वेग रोखतो.

गुळाकडे वळताना या प्रदेशाचा विचार टाळता येत नाही. भाटघरच्या धरणाचे पाणी नीरा डाव्या कालव्यातून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून या भागात खेळू लागले आणि कालव्याखालचा पट्टा उसाचा झाला. माळेगाव, सोमेश्वरनगर आणि भवानीनगरचे सहकारी कारखाने त्याच पाण्याची निपज आहेत. परदेशी पाककृतींत सांगितलेली तपकिरी साखर म्हणजे गूळच, असे येथे सर्रास समजले जाते, आणि साखरपट्ट्यातल्या वाचकाला त्यातील फरक इतरांपेक्षा लवकर उमगावा: तपकिरी साखर म्हणजे बहुधा पांढऱ्या साखरेला पुन्हा मळी चोळलेली साखर, तर गुळातून मळी कधी वेगळी काढलेलीच नसते. गुळात साधारण ६५ ते ८५ टक्के सुक्रोज म्हणजे साखरच असते; उरलेल्या भागात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतात, जे हवेतील ओलावा धरून ठेवतात. त्यामुळे गुळाची वडी साखरेच्या वडीपेक्षा मऊ राहते आणि लवकर लालसर होते, म्हणून ओव्हनचे तापमान १८० ऐवजी १७० अंश ठेवणे इष्ट. मधुमेह्याला गुळाची वडी चालते, ही समजूत मात्र धोकादायक आहे. गुळातील खनिजांचा बोलबाला कितीही असला, तरी १६ वड्यांच्या ताटात १६० ग्रॅम गूळ धरला तर एका वडीच्या वाट्याला १० ग्रॅम येतो; तेवढ्यातून लोह नगण्य मिळते, साखर मात्र पुरेपूर. पिवळाधमक गूळ शुद्ध असतो हेही खरे नाही, कारण तो रंग अनेकदा हायड्रोस या रसायनाने आणलेला असतो. उलटपक्षी काळपट गूळ हा रसायनमुक्ततेचा दाखला ठरत नाही, तो नुसता जास्त कढलेलाही असू शकतो.

तूप आणि लोणी यांची अदलाबदल बरोबरीने करता येते, हा गैरसमज पुन्हा पाण्यापाशीच आणून सोडतो. विकतच्या लोण्यात स्निग्धांश सुमारे ८० टक्के असतो आणि उरलेला भाग बहुतांशी पाणी, तर कढवलेल्या तुपात पाणी जवळजवळ नसतेच. ११० ग्रॅम लोण्याच्या जागी ११० ग्रॅम तूप घातले की खालचा थर तेलकट होतो आणि हातात भुगा होऊन येतो. ९० ग्रॅम तूप आणि दीड-दोन चमचे दूध हे योग्य प्रमाण होय. पिठाच्या बाबतीत मैद्यावाचून चालत नाही, असे म्हटले जाते ते केकसाठी काही अंशी खरे असले तरी येथे गैरलागू आहे, कारण या थराला फुगायचे नसून खुसखुशीत व्हायचे असते, आणि गव्हातील ग्लुटेन हे चिवट प्रथिन जितके कमी ताणले जाईल तितके ते साधते. २०० ग्रॅम कणीक तुपात हलक्या हाताने चोळावी, मळू मात्र नये. खपली गव्हाची कणीक यासाठी विशेष चांगली असते, परंतु खपलीत ग्लुटेन नसते हा समज चुकीचा आहे. ते वेगळ्या गुणाचे असते, नसते असे नाही. ज्वारीत ते खरोखरच नसते. म्हणून जिरायत पट्ट्यातल्या मालदांडी ज्वारीचे पीठ वरच्या चुऱ्यात एक तृतीयांश मिसळल्यास चुरा अधिक कुरकुरीत होतो, मात्र तळाचा थर केवळ ज्वारीचा केल्यास तो उचलताना तुटतो.

ओव्हन नसेल तर बेत सोडून द्यावा, या समजुतीला महाराष्ट्राचा आणि गोव्याचा स्वयंपाकच उत्तर देतो. कोकणातील काकडीचे धोंडस आणि गोव्यातील रव्या-नारळाचा बाथ परंपरेने चुलीवर, झाकणावर निखारे ठेवून भाजले जात. बेबिंकाचा प्रत्येक थर तर वरच्या आचेवरच शिजे. दिवाळीपूर्वी नानकटाईचे पीठ घरी मळून ताटे बेकरीच्या भट्टीत नेण्याची पद्धतही जुनीच. जाड बुडाच्या पातेल्यात दीड-दोन सेंटिमीटर मीठ किंवा वाळू पसरून, त्यावर तिवई ठेवून, झाकण लावून १० मिनिटे तापवले की कामचलाऊ भट्टी तयार होते. त्यात मंद आचेवर पाऊण ते एक तास लागतो. उष्णता केवळ खालून मिळत असल्याने वडी वरून फिकी राहते, म्हणून ती कच्ची राहिली असे समजून आच वाढवू नये, त्याऐवजी शेवटची काही मिनिटे झाकणावर तापलेला तवा ठेवावा. साध्या मायक्रोवेव्हमध्ये मात्र हे जमत नाही, कारण तेथे अन्नातील पाणीच तापवले जाते आणि पाणी असेपर्यंत पृष्ठभाग १०० अंशांच्या फारसा वर जात नाही, तर तांबूस रंग आणि भाजका वास यांना १४० अंशांच्या आसपासची उष्णता लागते.

अंड्याची किंवा जास्त सोड्याची येथे गरज नाही. चिमूटभर खायचा सोडा पुरेसा, त्याहून अधिक घातल्यास साबणासारखी चव येते.

दालचिनीविषयी दोन शब्द. जाड, तिखट सालीची दालचिनी अस्सल आणि पातळ ती हलकी, असा सर्वसाधारण समज आहे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने खरी दालचिनी श्रीलंकेची, कागदासारख्या पातळ थरांच्या गुंडाळीची, सौम्य आणि किंचित गोड असते, तर किराणा दुकानात बहुधा मिळते ती जाड साल कॅसिया या जवळच्या झाडाची असते. कॅसियात कुमारिन हे संयुग बऱ्याच प्रमाणात असते आणि ते फार झाल्यास यकृताला अपायकारक ठरू शकते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्याची सुरक्षित मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ०.१ मिलिग्रॅम ठरवली आहे, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीस ६ मिलिग्रॅम. १६ वड्यांना मिळून एक चमचा पूड लागते, त्यामुळे दोन-तीन वड्या खाणाऱ्याने धास्ती घेण्याचे कारण नाही. रोज सकाळी वजन घटवण्यासाठी कॅसियाचा काढा पिणाऱ्याने मात्र ती जरूर घ्यावी. लवंग दोन आणि जायफळ सुरीच्या टोकावर मावेल एवढेच, कारण भाजताना त्यांचा उग्रपणा कमी होत नाही.

राहिला टिकण्याचा प्रश्न. गुळामुळे या वड्या लाडवांप्रमाणे पंधरा दिवस डब्यात राहतील, ही अपेक्षा फळातील ओलावा फोल ठरवतो: इंदापूरच्या एप्रिलमध्ये, पारा ४० अंशांकडे झुकलेला असताना, दुसऱ्या दिवसानंतर त्या फ्रिजमध्येच ठेवाव्या लागतात. तेथे स्टार्च पुन्हा आवळत गेल्याने खालचा थर कडक होतो, परंतु तो शिळेपणा नव्हे. तव्यावर झाकण ठेवून दोन मिनिटे शेकल्यास थर पुन्हा खुसखुशीत होतो आणि तुपाचा वासही परत येतो.