बिगर गावची सँड्रा

कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात 'बिगर' नावाचे गाव आहे. वस्ती दोन हजारांच्या आसपास. मराठीत 'बिगर' म्हणजे 'विना'. इंग्रजी कानाला मात्र त्यात 'अधिक मोठे' असे ऐकू येते. म्हणून गावकऱ्यांनी आपले ब्रीदच करून टाकले, की न्यूयॉर्क मोठे खरे, पण आमचे गाव त्याहून मोठे! हा विनोद थोडासा खरा करून दाखवणारी मुलगी याच गावची. तिचे नाव सँड्रा श्मर्लर. जन्म १९६३ चा.

तिचा खेळ कर्लिंगचा. सुमारे दीडशे फूट लांब बर्फाच्या पट्टीवरून जवळजवळ वीस किलो वजनाचा ग्रॅनाइटचा दगड घसरत सोडायचा आणि पलीकडच्या बारा फूट व्यासाच्या वर्तुळात, शक्य तितका मध्याजवळ, नेऊन थांबवायचा. संघात चौघे, एका डावात प्रत्येकाचे दोन दगड. सोडताना मुठीला किंचित पीळ दिला, की दगड वाकडी वाट धरतो. मग संघातले दोघे झाडू घेऊन त्याच्यापुढे बर्फ घासत धावतात! नवख्या प्रेक्षकाला हसू आवरत नाही. परंतु त्या घासण्याने घर्षण कमी होते, दगड अधिक दूर जातो आणि कमी वळतो. एकदा दगड सुटला, की सोडणाऱ्याच्या हाती ओरडण्यापलीकडे फारसे काही राहत नाही. पुढचे सारे सोबत्यांच्या मनगटांवर.

असे सोबती सँड्राला लाभले. जॅन बेटकर, जोन मकस्कर, मार्शा गुडराइट आणि कर्णधार सँड्रा, अशा चौघींनी १९९३, १९९४ आणि १९९७ साली कॅनडाचे व त्यापाठोपाठ जगाचे अजिंक्यपद मिळवले. तीन जागतिक विजेतेपदे मिळवणारा महिलांचा हा पहिलाच संघ. आणि या काही खेळावर पोट भरणाऱ्या खेळाडू नव्हेत. सँड्रा रेजायना शहरातील एका क्रीडाकेंद्रात नोकरी करी. नोकरी आणि संसार सांभाळून उरलेल्या वेळात दगड!

१९९८ साली जपानमधील नागानो ऑलिंपिकमध्ये महिलांच्या कर्लिंगला प्रथमच पदकाचा मान मिळणार होता. तेथे कोणी जायचे, हे ठरवणारी स्पर्धा नोव्हेंबर १९९७ मध्ये ब्रँडन येथे झाली. सँड्राची थोरली लेक तेव्हा अवघ्या दोन-अडीच महिन्यांची होती. अंतिम सामन्याच्या सातव्या डावात सँड्राचा शेवटचा दगड उरला. सरळ वाट बंद होती. तिने काय करावे? कॅरममध्ये कसलेला गडी एका सोंगटीला चाटून दुसरीवर नेम साधतो, तसा तिने दगड बाजूच्या एका दगडाला चाटून आत वळवला आणि मधला प्रतिस्पर्ध्याचा दगड उडवून लावला. एका फटक्यात तीन गुण! कॅनडात तो फटका आजही आठवला जातो.

नागानोत उपांत्य सामन्यात ब्रिटनने त्यांना जादा डावापर्यंत झुंजवले. अंतिम सामन्यात डेन्मार्कचा ७-५ असा पराभव झाला. पण त्या पराभवाचेही भाग्य पाहा : डेन्मार्कला हिवाळी ऑलिंपिकमधले ते पहिलेच पदक!

यानंतरची हकीकत सांगताना लेखणी जड होते. १९९९ साली दुसरी मुलगी झाली आणि थोड्याच महिन्यांत कर्करोगाचे निदान झाले. फेब्रुवारी २००० मध्ये मंक्टन येथील कुमारांच्या राष्ट्रीय स्पर्धेचे दूरदर्शनवर समालोचन करण्यासाठी ती गेली होती. तेथे वार्ताहरांपुढे ती आपल्या आजाराविषयी मोकळेपणाने बोलली. सामना हरणे म्हणजे काही जगबुडी नव्हे, हे आता आपल्याला कळले आहे, असे त्या जगज्जेतीने सांगितले. २ मार्च २००० रोजी ती गेली. वय अवघे छत्तीस. तिचा अंत्यविधी कॅनडाभर दूरदर्शनवरून दाखवण्यात आला. एका झाडू-दगडाच्या खेळाडूसाठी देशाने असे थांबावे, हे नवलच.

सँड्राच्या हातून दगड अकाली सुटला. पण पुढे धावणारी माणसे होती. २००१ साली तिच्या नावाने प्रतिष्ठान उभे राहिले. अपुऱ्या दिवसांच्या आणि अत्यवस्थ नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागांना ते उपकरणांसाठी पैसा पुरवते. दोन तान्ह्या लेकी मागे ठेवून गेलेल्या आईचे याहून चांगले स्मारक कोणते असणार?