सांदण दरी : वर ऊन असताना खाली पूर कसा येतो?

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की इन्स्टाग्रामवर हे रील हमखास समोर येतं. दोन्ही बाजूंना काळे उभे कडे, मधून चिंचोळी वाट, डोक्यावर बॅगा घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून चाललेली पोरं आणि शेवटी समोर उघडणारा सह्याद्री. खाली लिहिलेलं असतं, 'आशियातली दुसरी सर्वात खोल दरी'. मग वाशिम, रिसोड, कारंज्याच्या कुठल्यातरी ग्रुपवर मेसेज पडतो, "कोण कोण येतंय?"

जायला काहीच हरकत नाही. जागा खरंच भारी आहे. पण रीलमध्ये न दिसणारी एक गोष्ट आधी समजून घ्या. ती वाशिमच्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे, फक्त ट्रेकला निघताना आपण ती विसरतो.

ही दरी आहे कुठे?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या पुढे साम्रद नावाचं गाव आहे. गावाजवळच सांदण दरी सुरू होते. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. आजूबाजूला रतनगड, अलंग-मदन-कुलंग आणि १,६४६ मीटर उंचीचं कळसूबाई, म्हणजे महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर. वाशिमकरांनी अकोल्याहून रेल्वेनं इगतपुरी गाठायची, मग घोटीमार्गे रस्त्यानं भंडारदरा आणि साम्रद.

आशियातली दुसरी सर्वात खोल दरी, हे खरं का?

नाही. सांदणचे कडे काहीशे फूट उंच आहेत. आपल्याकडे ब्रह्मपुत्रा म्हणून येणारी नदी तिबेटमध्ये यारलुंग त्सांगपो या नावानं वाहते. तिथली तिची घळ काही ठिकाणी ५,००० मीटरहून जास्त खोल आहे. नेपाळची काली गंडकी तर धवलगिरी आणि अन्नपूर्णा या आठ हजार मीटरवरच्या दोन शिखरांच्या मधून वाहते. त्यांच्यापुढे सांदण खूपच लहान.

सांदणचं वेगळेपण खोलीत नाही, अरुंदपणात आहे. काही ठिकाणी दोन्ही हात पसरले तर दोन्ही कड्यांना टेकतील की काय असं वाटतं. आपण घरात 'सांदीकोपरा' म्हणतो ना, ती सांद डोंगराएवढी मोठी केली की जे दिसेल ते हे. आणि धोका याच अरुंदपणात आहे.

दरी तयार कशी झाली?

सह्याद्रीचा हा भाग बेसाल्टचा आहे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून हा खडक बनला. वाशिमच्या विहिरी खोदताना लागतो तोही याच कुळातला दगड. खडकात उभ्या भेगा असतात. अशा भेगेत पाणी शिरलं की ते वर्षानुवर्षं दगड झिजवत, फोडत खाली जातं. घाटमाथ्यावर पाऊसही तसाच पडतो. शेजारच्या घाटघर परिसरात वाशिमच्या कितीतरी पट पाऊस होतो.

थोडक्यात, आपण ज्याला 'वाट' म्हणतो ती मुळात पाण्याची वाट आहे. माणसं तिच्यातून पाणी नसताना जातात, एवढंच.

ट्रेक किती अवघड आहे?

साम्रदहून उतरलं की मोठमोठ्या दगडधोंड्यांवरून चालावं लागतं. मध्ये पाण्याचे दोन डोह लागतात. ऋतूप्रमाणे पाणी गुडघ्यापासून छातीपर्यंत असू शकतं आणि ऊन पोचत नसल्यानं ते थंडगार असतं. पुढे दरी कोकणाच्या बाजूला उघडते, समोर आजोबा डोंगर दिसतो. बहुतेक लोक इथून मागे फिरतात. लक्षात ठेवा, जाताना उतार आहे, म्हणजे येताना चढ. अर्धी ताकद परतीसाठी राखून ठेवावी लागते.

दुसरा पर्याय म्हणजे दोराच्या साहाय्यानं कडे उतरून, म्हणजे रॅपलिंग करत, थेट खाली ठाणे जिल्ह्यातल्या डेहणे गावाकडे जाणं, किंवा करोली घाटानं वळसा घालून पुन्हा साम्रदला चढणं. यात एक मेख आहे. कडा उतरून दोर खाली ओढून घेतला की मागचा रस्ता बंद. मग हवामान बिघडलं तरी पुढेच जावं लागतं.

मग वर ऊन असताना पूर कसा येतो?

गावाकडची गोष्ट आठवा. आपल्या शिवारात थेंब पडलेला नसतो, आणि कोरडा नाला अचानक भरून वाहायला लागतो. म्हातारी माणसं सांगतात, "वरच्या अंगाला झाला असंल." बैलगाडी अलीकडे थांबते. पूर उतरल्याशिवाय कुणी पलीकडे जात नाही.

दरीतही हेच होतं, फक्त जास्त वेगानं. हिशोब करून बघा. एक हेक्टर जागेवर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५ लाख लिटर पाणी होतं. उन्हाळ्यात आपल्याकडे येणाऱ्या १० हजार लिटरच्या टँकरचे हे ५० टँकर. शंभर हेक्टर धरले तर ५ हजार टँकर. काळा कातळ पाणी फारसं मुरू देत नाही, त्यामुळे यातलं बरंचसं पाणी वाट मिळेल तिकडे धावतं. ती वाट काही फूट रुंद असेल तर पाण्याला पसरायला जागा नाही. ते फक्त उंच आणि वेगवान होऊ शकतं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो, म्हणून गुडघाभर पाणीही माणसाला पाडतं.

आणि दरीतून आभाळाची फक्त एक पट्टी दिसते. ढग कुठे दाटलेत ते कळायला मार्गच नसतो.

अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या अँटिलोप कॅन्यनमध्ये १२ ऑगस्ट १९९७ रोजी नेमकं हेच झालं. जोरदार पाऊस काही मैलांवर वरच्या बाजूला पडला. पाण्याचा लोंढा अरुंद दरीत घुसला आणि ११ जणांचा जीव गेला. आपल्याकडे ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ते पाण्यात उतरले तेव्हा प्रवाहात उभं राहता येत होतं. काही मिनिटांतच तो वाढला.

जायचं कधी आणि काय पाळायचं?

डिसेंबर ते मार्च हा काळ चांगला. जून ते सप्टेंबर दरीत उतरायचंच नाही. ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस असतो. एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस दुपारनंतर अचानक येतो, म्हणून सुट्ट्यांमध्ये जाणाऱ्यांनी विशेष सावध राहावं.

• सकाळी लवकर उतरा, दुपार कलायच्या आत बाहेर या.
• अंदाज फक्त गावाचा नाही, पूर्ण घाटमाथ्याचा बघा. विजांसह पावसाचा इशारा असेल तर बेत रद्द.
• साम्रदचा स्थानिक वाटाड्या सोबत घ्या. तो नको म्हणाला तर वाद घालू नका.
• दरीत मोबाइलच्या भरवशावर राहू नका. कधी परतणार ते वर कुणाला तरी सांगून ठेवा.
• डोहाचं पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहत आला, वरून घुमल्यासारखा आवाज आला, तर बॅगा सोडा आणि मिळेल त्या उंच जागेवर चढा. पाणी ओलांडायचा प्रयत्न करू नका.
• परफ्यूम, धूर, आरडाओरडा टाळा. सह्याद्रीच्या कड्यांवर आग्या मोहोळं असतात.

सगळ्यात अवघड नियम शेवटचा. वाशिमहून रात्रभराचा प्रवास करून, पैसे भरून, सुट्टी टाकून आल्यावर दरीच्या तोंडाशी "आज नको" म्हणणं जड जातं. ग्रुपमध्ये तर कुणालाच ते आधी बोलायचं नसतं. म्हणून निघायच्या आधी घरीच ठरवा की एकानं जरी नको म्हटलं तरी सगळे मागे फिरतील. नाल्याच्या अलीकडे थांबलेल्या बैलगाडीवाल्याला कुणी भित्रा म्हणत नाही. पूर उतरला की तो पलीकडे जातोच. दरीही पुढच्या हिवाळ्यात तिथेच असणार आहे.