गुप्त ग्राहकाचे काम आणि आठवी आज्ञा

शेतीच्या उत्पन्नात महिना भागत नाही, मुलाच्या कॉलेजची फी तोंडावर आलेली असते. अशा वेळी घरातील कोणी चार पैसे अधिक जोडण्याचा मार्ग शोधू लागले तर त्याला दोष कोण देईल? अलीकडे अशाच एका मार्गाविषयी आमच्या धर्मग्रामातील तरुण मंडळी, रविवारची मिस्सा आटोपली की व्हरांड्यात थांबून विचारणा करीत असतात. त्या कामास ‘मिस्टरी शॉपर’ असे म्हणतात. आपण त्यास गुप्त ग्राहक म्हणू. प्रश्न दोन असतात. त्यात खरोखर पैसे मिळतात काय? आणि आपण कशासाठी आलो हे लपवून दुकानात शिरणे, म्हणजे लबाडी नव्हे काय?

कामाचे स्वरूप असे. एखाद्या कंपनीच्या गावोगावी शाखा असतात. मालकाला सर्वत्र फिरता येत नाही. आणि तो स्वतः गेलाच, तर सारे नोकर हात जोडून उभे राहणार! म्हणून मध्यस्थ संस्थेमार्फत साध्या माणसांना पाठविले जाते. त्यांना लेखी सूचना मिळतात. अमुक दिवशी, अमुक वेळेत जा. अमुक वस्तूची चौकशी करा. किती मिनिटांनी कोणी विचारपूस केली, पावती न मागता दिली काय, पेट्रोल भरण्यापूर्वी यंत्रावरील शून्य दाखविले काय, हे ध्यानात ठेवा. मग घरी येऊन प्रश्नावली भरावयाची व पावतीचे छायाचित्र जोडून पाठवावयाचे. अहवाल पसंत पडला म्हणजे ठरलेले मानधन मिळते, पण बहुधा काही आठवड्यांनी.

युक्ती तशी जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत ॲलन पिंकर्टन यांची माणसे साधे उतारू बनून आगगाडीत बसत आणि कंडक्टर भाड्याचे पैसे खिशात घालतो काय, हे पाहत. आपल्या देशात तिचा याहून मोलाचा उपयोग झालेला आहे. मध्य प्रदेशातील खेडी व दिल्ली शहर येथे संशोधकांनी २२ माणसांना शिकवून रुग्ण म्हणून ३०५ वैद्यकांकडे पाठविले. एकूण ९२६ भेटी झाल्या. २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांत असे दिसले की, मध्य प्रदेशातील खेड्यांत निवडलेल्या वैद्यकांपैकी ६७ टक्के लोकांपाशी वैद्यकीय पात्रता मुळीच नव्हती. 

आता सदसद्विवेकाचा प्रश्न. सत्य शहाणपणाने झाकून ठेवणे निराळे व असत्य सांगणे निराळे, हा भेद संत थॉमस अक्वायनस यांनी स्पष्ट केला आहे. दुकानात शिरणाऱ्याने आपल्या येण्याचे कारण दारातच सांगावे, असे बंधन कोणावरही नाही. शिवाय असे कोणी केव्हाही येऊ शकते, याची कल्पना नोकरांना आधी दिलेली असेल, तर फसवणुकीचा प्रश्न बव्हंशी उरत नाही. तथापि काही सूचनापत्रांत खोटी कहाणी रचण्यास सांगतात. आई अंथरुणाला खिळली आहे असे सांगून विम्याची चौकशी करावी, वगैरे. ते काम स्वीकारू नये असे माझे मत आहे. चौकशी करावयास आईला आजारी पाडण्याची गरज नसते.

परंतु खरी जोखीम दुकानातून बाहेर पडल्यावर सुरू होते. काउंटरमागे उभी असलेली मुलगी आपल्यासारख्याच एखाद्या घरातून आलेली असते. सकाळची बस धरून ती आली आहे, दिवसभर पायांवर उभी आहे. तुमच्या प्रश्नावलीतील एका खुणेवर तिची बढती, कदाचित तिची नोकरीही, अवलंबून असू शकते. आणि तुम्ही काय लिहिले हे तिला कधी कळणार नाही, उत्तर देण्याची संधीही मिळणार नाही. अशा अहवालात आपण किती चौकस आहोत हे दाखविण्यासाठी तिखटमीठ लावणे, किंवा विसरलेल्या ठिकाणी अंदाजाने ‘नाही’ लिहिणे, ही आठव्या आज्ञेने निषिद्ध केलेली खोटी साक्षच होय. न जाताच घरबसल्या प्रश्नावली भरणारे महाभागही असतात, त्यांच्याविषयी काय बोलावे? तिने दहा मिनिटे लक्ष दिले नाही असे लिहावयाचे असेल, तर त्या वेळी तिच्यापुढे सहा गिऱ्हाइके उभी होती हेही लिहावे. तेवढी जागा कागदावर असतेच.

याच कारणाने, न पाहिलेल्या हॉटेलास पैसे घेऊन फोनवर पाच तारे देण्याचे जे काम आज वाटले जाते, ते गुप्त ग्राहकाचे काम नव्हे. तेथे पाहणे नाहीच, नुसती साक्ष विकणे आहे.

प्राप्तीचा हिशेबही कागदावर मांडून पाहावा. समजा, एका भेटीचे ३०० रुपये मिळणार आहेत. गावाहून शहरास जाण्या-येण्याचे १२० रुपये, चहा-फराळाचे ५०, आणि अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली ती वेगळीच. खरेदीची रक्कम परत मिळते तीही ठरलेल्या मर्यादेपर्यंतच, आणि तोवर ती आपल्याच खिशातून गेलेली असते. शहरात राहून शिकणाऱ्या किंवा रोज तेथे नोकरीस जाणाऱ्या मुलास हे परवडते. मुद्दाम गाडी धरून जाणाऱ्यास क्वचितच. संसार यावर चालेल अशी आशा कोणी धरू नये.

आणि या कामाचे नाव घेऊन भामटे फिरत आहेत. अमेरिकेत ते गुप्त ग्राहकाला मोठ्या रकमेचा बनावट चेक पाठवितात. तुमचा वाटा ठेवून उरलेल्या पैशांची भेटकार्डे घ्या व त्यांवरील क्रमांक कळवा, म्हणतात. काही दिवसांनी चेक खोटा ठरतो व बँक सारी रक्कम ग्राहकाकडूनच वसूल करते. आपल्याकडे व्हॉट्सॲप वा टेलिग्रामवर निरोप येतो. पहिल्या दिवशी किरकोळ काम देऊन शे-दीडशे रुपये खरोखरच पाठवितात. विश्वास बसला की, पुढील कामासाठी आधी दोन हजार भरा, मग दहा हजार, मग अडकलेले पैसे सोडविण्यासाठी कर भरा! मंगळसूत्र गहाण ठेवून असे पैसे भरले गेले आहेत. प्रामाणिक संस्था काम देण्यासाठी नोंदणीचे शुल्क वा अनामत मागत नाही, आणि ओटीपी तर कधीच नाही. कमिशन देतो, तुझे बँक खाते वापरू दे, असे कोणी म्हणाल्यास तेथून तत्काळ उठावे. त्या खात्यातून चोरीचा पैसा फिरतो आणि पोलीस प्रथम खातेदाराच्या दारी येतात.

फसलेली माणसे लाजेने आठ-आठ दिवस घरात बोलत नाहीत, आणि तेवढ्यात पैसा दहा खात्यांतून पार होतो. पैसे गेल्याचे ध्यानात येताच १९३० या सरकारी क्रमांकावर फोन करावा व आपल्या बँकेसही कळवावे. पहिल्या काही तासांत तक्रार गेली तर रक्कम वाटेत गोठविता येण्याचा संभव असतो. निरोप, पावत्या, पलीकडचा फोन क्रमांक, काही पुसून टाकू नये. धर्मगुरूंकडे अवश्य यावे, पण तो फोन झाल्यानंतर.