न ऐकलेल्या गाण्यांची गर्दी

रंगभूमीवर गाजलेल्या संगीतिकेवर चित्रपट आला, की प्रेक्षक गाणी तोंडपाठ करूनच थिएटरात शिरतो. पण कथा नवी, गाणीही नवी असली तर? मग उत्सुकतेत धाकधूक मिसळते.

20 डिसेंबर 2017 रोजी अमेरिकेत झळकलेल्या ‘द ग्रेटेस्ट शोमन’चं असंच झालं. सर्कसवाल्या पी. टी. बार्नमच्या भूमिकेत ह्यू जॅकमन, तर गाणी बेंज पासेक आणि जस्टिन पॉल या जोडीची. आदल्याच वर्षीच्या ‘ला ला लँड’चे गीतकारही हेच. तरीही समीक्षकांनी नाकं मुरडली. पहिल्या शनिवार-रविवारची कमाई शुक्रवार धरूनही जेमतेम 88 लाख डॉलर.

मग चमत्कार घडला. सहसा दुसऱ्या आठवड्यात गल्ला घसरतो. इथे तो दीड कोटीवर गेला! गाणी घरोघरी वाजू लागली, लोक पुन्हा पुन्हा तिकिटं काढू लागले. पडद्यावर शब्द उमटवून प्रेक्षकांना सोबत गायला लावणारे खास खेळही लागले. जगभरची कमाई 43 कोटी डॉलरपुढे गेली. ब्रिटनमध्ये तर 2018 साली सर्वाधिक खपलेला अल्बम याच चित्रपटाचा होता.