सर्व्हरच्या दारातील रांग

निकालाच्या दिवशी संकेतस्थळ उघडले नाही की सर्व्हर बंद पडला, असा समज होतो. पुष्कळदा तो चालूच असतो. खोळंबा दारातील रांगेत झालेला असतो.

सी भाषेतील सर्व्हर प्रोग्रॅम ‘सॉकेट’ या फंक्शनने संपर्काचे टोक निर्माण करतो, ‘बाइंड’ने त्याला पत्ता व पोर्ट क्रमांक जोडतो आणि ‘लिसन’ने जोडण्या स्वीकारण्याची तयारी दर्शवतो. १९८३ च्या ४.२ बीएसडी युनिक्समधून ही रचना प्रचारात आली. पुढे समोरच्या संगणकाशी होणारी तीन संदेशांची देवाणघेवाण कर्नल स्वतःच पूर्ण करतो आणि तयार जोडणी रांगेत ठेवतो. ‘ॲक्सेप्ट’ हे फंक्शन रांगेतील पहिली जोडणी उचलून तिच्यासाठी नवा सॉकेट देते. मूळ सॉकेट पुढच्यांसाठी ऐकतच राहतो.

मर्म येथेच आहे. एकाच जोडणीच्या कामात गुंतलेला प्रोग्रॅम पुन्हा ‘ॲक्सेप्ट’कडे वळला नाही, तर रांग भरते. मग लिनक्सचा कर्नल सहसा नव्या विनंत्या निमूटपणे टाकून देतो आणि वापरकर्त्याला पडद्यावर केवळ फिरते चक्र दिसते. लिनक्समध्ये या रांगेची मूळ कमाल मर्यादा १२८ होती. २०१९ च्या ५.४ आवृत्तीपासून ती ४०९६ झाली. तथापि रांग लांबवल्याने कामाचा वेग वाढत नाही, प्रतीक्षा तेवढी वाढते. म्हणूनच जोडणी स्वीकारताच तिचे काम दुसऱ्या थ्रेडकडे किंवा प्रोसेसकडे सोपवणे श्रेयस्कर ठरते. दारावरच्या माणसाने दार सोडून आतल्या कामात गुंतू नये, हेच खरे.